पान चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, त्याबद्दल आधी तुझे आभार मानतो. सहा वर्षांत आपण एकमेकांशी धड एक वाक्य बोललेलो नाही. तुझ्या भाचीला वाढदिवसाला तुझं पत्र येतं, ती ते मला मोठ्याने वाचून दाखवते, आणि त्यात माझ्यासाठी एक ओळही नसते हे मी दर वर्षी नव्याने पाहतो. तक्रार करत नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, आईच्या शेवटच्या आठवड्यातली. ती ऐकल्यावर तू माझ्याशी पुन्हा बोलशील की उरलंसुरलं नातंही तोडशील, ते मला माहीत नाही. पण ती मी शेवटी लिहिणार आहे, कारण आधी लिहिली तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि एवढं धैर्य मला आलं कुठून हे तर तुला कळायला हवं. एरवी मला तू ओळखतेसच. चूक कबूल करायची म्हटली की मी पळवाट शोधतो. तुझी रंगपेटी मी सांडली तेव्हा दोन दिवस तापाचं सोंग घेऊन पडलो होतो, आणि शेवटी तूच येऊन म्हणालीस, ऊठ रे, मला सगळं माहितीये. या वेळी मात्र तुला माहीत नाही.

तर शाळेपासून सुरुवात करतो. आमच्याकडे गेल्या वर्षी नव्या मुख्याध्यापिका आल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणून आम्ही जुनी मंडळी गप्प बसलो, पण बाईंचे नऊ दिवस काही संपेचनात. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की यापुढे नववीच्या इंग्रजीच्या तासाला उत्तरं लिहून द्यायची नाहीत. मुलांनी तीन-चार जणांचे गट करायचे, पुस्तकातला एखादा विषय घ्यायचा, क्षमा म्हणा, मत्सर म्हणा, एकटेपणा म्हणा, आणि त्यावर पॉडकास्ट करायचा. तू ऐकत असशील किंवा नसशील म्हणून सांगतो, पॉडकास्ट म्हणजे रेडिओवरच्या कार्यक्रमासारखंच, फक्त मोबाईलवर हवं तेव्हा ऐकायचं. मी सभेत उभा राहून म्हणालो की सत्तावीस वर्षं मी पुस्तक, खडू आणि घसा एवढ्यावर इंग्रजी शिकवलंय आणि निकाल कधी नव्वदच्या खाली आलेला नाही. बाई हसून म्हणाल्या, निकाल तुमचा छान लागतो सर, मला मुलांचं काय होतं ते ऐकायचंय. मी खाली बसलो. मुलांनी माझं नाव ‘विषय संपला’ असं ठेवलंय, कारण कुणी जास्त खोलात शिरलं की मी तेच म्हणतो आणि फळा पुसतो. हे मला माहीत आहे, हे मुलांना माहीत नाही.

रेकॉर्डिंगसाठी आम्हाला वाचनालयामागची सामानाची खोली मिळाली. कॉम्प्युटरच्या बाईंनी सांगितलं की रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून मुलांनी व्यायामशाळेतल्या गाद्या आणून भिंतींना उभ्या केल्या आणि नाटकाचा जुना पडदा खिडकीवर टांगला. पंख्याची घरघर येते म्हणून पंखा बंद. मोबाईल एका स्वच्छ मोज्यात घालून कंपासपेटीवर टेकवायचा, म्हणजे म्हणे श्वासाचा फसफस आवाज येत नाही. दार बंद करून तीन-चार जणं आत बसली की दहा मिनिटांत सगळ्यांच्या कपाळावरून घाम ओघळायचा. त्यातून बोलणं रंगात आलं की नेमकी तास संपल्याची घंटा. शिपाईमामांना मुलांनी गळ घातली की दोन मिनिटं उशिरा वाजवा, तर ते म्हणाले, मी तुमच्यासाठी वेळ थांबवली तर उद्या सगळी शाळा म्हणेल आमच्यासाठी पळवा. मी दाराबाहेर स्टूल टाकून वह्या तपासत बसायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, एवढ्या वेळात तीन प्रश्नोत्तरं झाली असती.

आता पुस्तकाबद्दल. गेली अकरा वर्षं मी नववीला एक शंभरेक पानांची छोटी कादंबरी शिकवतो. ती मीच निवडली आणि तिचा पेपरही मीच काढतो. घड्याळं दुरुस्त करणारे एक वडील आहेत, त्यांची दृष्टी हळूहळू जात चाललीये. मुलगी मोठी, मुलगा धाकटा. एके सकाळी मुलगी पेटी उचलते आणि कुणाला काही न सांगता दूरच्या शहरात निघून जाते. धाकटा दुकान सांभाळतो, वडिलांना सांभाळतो, वडील गेल्यावर एकटा राहतो. बरीच वर्षं जातात. मग एक दिवस तो दुकानाला कुलूप लावतो, बॅग घेतो आणि बहिणीच्या दारात जाऊन उभा राहतो. ती दार उघडते, तो काही बोलत नाही, ती बाजूला होते आणि त्याला आत घेते. पुस्तक तिथे संपतं. यावर मी अकरा वर्षं एकच उत्तर लिहून देत आलो की कादंबरीचा विषय क्षमा हा आहे, बहीण स्वार्थी होती, आणि भावाने मोठ्या मनाने तिला क्षमा केली. शेकडो मुलांनी ते घोकून पूर्ण गुण मिळवले. हे पुस्तकच मी का निवडलं, ते तुला सांगायला नको.

या वर्षी क्षमेचा विषय ज्या गटाकडे गेला त्यात तिघं होती, त्यांची ओळख करून देतो. पहिली शंकासुर. हे नाव स्टाफरूमने ठेवलेलं, कारण ही मुलगी ‘दोन अधिक दोन चार’ म्हटलं तरी ‘कधीपासून?’ विचारेल. दुसरा रेडिओ, ज्याचं तोंड बंद करायला अजून कुणाला जमलेलं नाही. तिसरी कात्री, अबोल, डोक्यावर मोठे हेडफोन घालून कॉम्प्युटरवर आवाजाच्या रेघा कापत बसणारी. ती रेडिओची सहा मिनिटांची बडबड दीड मिनिटावर आणायची आणि तो बिचारा ऐकून म्हणायचा, अरे वा, मी किती मुद्देसूद बोललो! तर एके दिवशी शंकासुराने वर्गात हात वर केला. म्हणाली, सर, भाऊ इतकी वर्षं रागावून बसलाय, मग एकदम बॅग घेऊन कसा निघतो? मधे काहीतरी घडलं असणार ना? मी म्हणालो, मोठ्या मनाच्या माणसांना कारण लागत नाही. ती म्हणाली, पण गोष्टीला लागतं सर. वर्ग हसला. मी काय म्हटलं असेल ते तू ओळखलंसच. फळा पुसला आणि पुढच्या धड्याला लागलो.

यानंतर जे झालं ते पान उलटण्याच्या आवाजामुळे झालं. कात्रीला भागाच्या सुरुवातीला पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज हवा होता. वर्गात सगळ्यांकडे त्या कादंबरीच्या झेरॉक्स आहेत, जाड कागदाच्या, पिना मारलेल्या. तिने चार वेळा रेकॉर्ड करून पाहिलं आणि म्हणाली की हा पुस्तकाचा आवाज नाही, हा ऑफिसातल्या फाइलचा आवाज आहे. मग ही तिघं शनिवारी गावातल्या मोठ्या ग्रंथालयात गेली आणि त्या कादंबरीची खरी, शिवलेली, पातळ कागदाची प्रत घेऊन आली. केवळ आवाजासाठी! कात्री मोबाईल धरून बसली, रेडिओ एकेक पान उलटायला लागला, आणि गप्प राहणं त्याच्या स्वभावातच नसल्यामुळे मधली मधली वाक्यं मोठ्याने वाचायला लागला. वाचता वाचता एका पानावर तो थांबला आणि म्हणाला, हे आपल्याकडे कुठे आहे? यातलं मला काहीच माहीत नव्हतं. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांना वाटलं, सरांनी परीक्षेला नको म्हणून ती पानं गाळली असतील.

त्यांचा भाग माझ्याकडे तपासायला आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये बसून ऐकला. सुरुवात चांगली होती. मग एकदम रेडिओच्या आवाजात एक प्रसंग आला. एक म्हातारं गिऱ्हाईक घड्याळ न्यायला दुकानात येतं आणि भावाला सांगतं की तुझ्या बहिणीला जा म्हणून तुझ्या वडिलांनीच सांगितलं होतं. तिच्यासाठी काम त्यांनीच शोधलं. आणि धाकट्याला यातलं काही बोलायचं नाही अशी तिला शपथ घातली, कारण त्याला कळलं तर तोही जाईल आणि दुकान बंद पडेल अशी त्यांना भीती होती. पुढे शंकासुर शांतपणे म्हणते की म्हणजे भाऊ शेवटी क्षमा करायला गेलेला नाही, तो क्षमा मागायला गेलेला आहे. ताई, माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, पोरांनी पदरचा प्रसंग घुसडलाय. भर वर्गात मी त्यांना उभं केलं आणि म्हणालो की साहित्याशी असा खेळ करायचा असेल तर नाटक कंपनी काढा, माझ्या तासाला बसू नका. गुणांच्या जागी शून्य टाकलं. रेडिओ पहिल्यांदाच गप्प होता. कात्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. शंकासुर मात्र बाकावरून उठली, ग्रंथालयाचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं, आणि जागेवर जाऊन बसली. चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी या पानांमध्ये तिने बसचं तिकीट खुणेला घातलं होतं.

मधल्या सुट्टीत मी ती दोन पानं तीनदा वाचली. मग सगळा उलगडा झाला. अकरा वर्षांपूर्वी हे पुस्तक बाजारात मिळत नव्हतं. शेजारच्या शाळेच्या वाचनालयातून एक प्रत मागून आणली, नुसती चाळली, झेरॉक्सवाल्याकडून पूर्ण काढून घेतली आणि मूळ प्रत परत केली; पूर्ण वाचली ती झेरॉक्सच. त्याने एका ठिकाणी एकाऐवजी दोन कागद उलटले असणार. त्र्याऐंशीव्या पानाच्या शेवटी परिच्छेद संपतो, शहाऐंशीव्यावर नवा सुरू होतो, आणि खालचे पानांचे आकडे बाइंडरने कडा सारख्या करताना उडवले होते. त्या माझ्या प्रतीवरून पुढच्या सगळ्या झेरॉक्स निघाल्या. म्हणजे चूक झेरॉक्सवाल्याची होती, असं मी स्वतःला दहा मिनिटं समजावलं. हेही मनात आलं की परीक्षा महिन्यावर आलीये, पुस्तक परत करून टाकावं, पोरांना गुण द्यावेत आणि गपचूप पुढच्या वर्षी दुसरी कादंबरी लावावी. खोटं रेटायची सवय जुनी आहे माझी. पण शंकासुर रोज समोरच्याच बाकावर बसते.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहिलो आणि सांगितलं की चूक माझी आहे, मी अकरा वर्षं अर्धवट पुस्तक शिकवलं, आणि काल या तिघांना विनाकारण बोललो. मला वाटलं होतं मुलं हसतील, निदान मागच्या बाकावरून एखादी शिट्टी तरी येईल. कुणी हसलं नाही. रेडिओ उठून म्हणाला, सर, माझंही गणिताचं एक पान कायम राहून जातं, होतं असं. तेव्हा सगळे हसले आणि मीही हसलो. मुख्याध्यापिकाबाईंना सांगायला गेलो तर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या की त्या गटाला यावर दुसरा भाग करू द्या आणि त्यात तुम्ही स्वतः मुलाखत द्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण शून्य देऊन बसलो होतो, नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

तेव्हा मी त्या गाद्यांच्या खोलीत पहिल्यांदा आत बसलो. पंखा बंद, दार बंद, समोर मोज्यातला मोबाईल. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. पुस्तक कधी निवडलं, झेरॉक्स कुणी काढली, वगैरे. मी ऐटीत उत्तरं देत होतो. मग शंकासुर म्हणाली, सर, एक शंका आहे. मला एकदाच वाचून वाटलं की मधे काहीतरी गेलंय. तुम्ही अकरा वर्षं वाचताय. तुम्हाला कधी खटकलं नाही? ताई, इथेच घोडं पेंड खातं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते चौदा वर्षांच्या मुलांपुढे कसं सांगणार? मी तोंड उघडलं, मिटलं, खिडकीवरच्या पडद्याकडे बघितलं. कुणीही मला मदत केली नाही. शेवटी म्हणालो की मला ती बहीण वाईटच हवी होती, म्हणून असेल. एवढंच बोललो आणि उठलो. बाहेर आल्यावर कात्रीला म्हटलं की मधली शांतता काढून टाक. तिने हेडफोन बाजूला केला आणि म्हणाली, नाही काढणार सर, एकेचाळीस सेकंद आहेत, आणि सबंध मुलाखतीत तेवढंच खरं आलंय. मी चक्क तिचं ऐकलं.

मला ती बहीण वाईटच हवी होती. तू नोकरीसाठी गेलीस तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. तुला त्या कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत रंग जुळवायचं काम मिळालं, आणि तू जायच्या आधी आठवडाभर माझ्या सदऱ्यांची बटणं घट्ट करत बसली होतीस. एकेक बटण ओढून बघायचीस. मी त्या आठवड्यात तुझ्याशी नीट बोललो नाही. पुढे तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत राहिलो की ताई गेली आणि आई माझ्यावर टाकली. तू दर महिन्याला यायचीस, आईला न्यायला गाडी घेऊन दोनदा आलीस, आणि आईच म्हणाली की मला माझ्या खोलीतून हलवू नका, यातलं काही मी कुणाला सांगितलं नाही. मी गोष्ट सांगायचो ती अशी की ऐकणाऱ्याला माझी कीव यावी. आणि लोकांना यायचीही. सवय लागते गं त्याची.

मागच्या शुक्रवारी तो दुसरा भाग शाळेत सगळ्यांना ऐकवला. शनिवारी सकाळी तुझ्या भाचीने घरी चहाच्या वेळी मोबाईलवर लावला. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो. शंकासुराचा प्रश्न आला, मग ते एकेचाळीस सेकंद. घरातल्या टेबलावर ते फार लांब वाटतात. तुझी भावजय कप हातात धरून ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, तरी ती माझ्याकडे बघतेय हे मला कळत होतं. पोरगी कॉलेजला गेल्यावर ती हळूच म्हणाली, ताईंना अजून सांगितलं नाहीत ना? सहा वर्षांत तिने हा विषय पहिल्यांदा काढला. मी म्हणालो, आता काय उपयोग? तर म्हणाली, वर्गातल्या मुलीने तुम्हाला एकदा विचारलं तर तुमच्या तोंडून शब्द फुटेना, दवाखान्यात मी आठ दिवस रोज विचारत होते तेव्हा बरे पटापट बोलत होतात. आणि कप विसळायला निघून गेली. मी वर्तमानपत्राची घडी केली. मग आतल्या खोलीत जाऊन आधी मावशीला आणि मग मामाला फोन केला. तुझ्या आधी त्यांना सांगितलं, कारण त्यांना सांगून झाल्यावर मला माघार घेता येणार नव्हती. मामाने फोनच ठेवून दिला. मावशी खूप रडली आणि तुझा नंबर मागितला. तिची नजर अधू झालीये, आकडे मी तिला तीनदा सांगितले.

मावशी तुला येत्या रविवारी फोन करणार आहे. तो यायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. मी तुला सांगितलं होतं की आई अचानक गेली. ती अचानक गेली नाही. आठ दिवस ती दवाखान्यात होती, आणि पहिल्या दिवसापासून ती तुझं नाव घेत होती. मी तुला कळवलं नाही; तुझी भावजय रोज विचारायची आणि मी रोज नवं कारण द्यायचो. मी तिचं अंग पुसायचो, तिला चमच्याने भरवायचो, आणि ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघायची. मला वाटायचं, आणखी एक दिवस थांबू, एकदा तरी ती माझं नाव घेईल, मग ताईला फोन करू. तिला मी सांगत राहिलो की ताई निघालीये, वाटेत आहे. ती गेल्यावर मामाने विचारलं, थोरलीला कळवलं होतंस ना, आणि मी नुसती मान हलवली. तेवढ्या मान हलवण्यावर सगळे धरून चालले की तुला कळलं होतं आणि तू आली नाहीस. म्हणून दुसऱ्या दिवशी तू आलीस तेव्हा मावशीने तोंड फिरवलं, म्हणून घरात कुणी तुझ्याशी बोललं नाही, आणि कुणी का बोलत नाही ते न कळता तू संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. मी खिडकीतून बघत होतो. क्षमा माग असं मला कुणी सांगितलेलं नाही, मी मागतोय, आणि तू दिली नाहीस तरी मी समजेन. पण एक गोष्ट माझी नाही, तुझी आहे, ती मला तुला द्यायलाच हवी. सातव्या दिवशी दुपारी आईने माझा हात धरला आणि अगदी स्पष्ट म्हणाली, ती एवढ्या लांबून दमून येईल रे, तिला आधी पोटभर जेवायला वाढ आणि मग माझ्याकडे पाठव. ताई, त्या दिवशी तू आमच्या घरातून उपाशी गेलीस.

तुझाच,
धाकटा